ठाणेदाराची बटई

मंडईच्या दिवशी सकाळी तेजरामनं आपला कोंबडा काखेत धरला आणि कुंपणाच्या फटीतून शेजारच्या चंद्रकलेच्या अंगणात गेला.

"आजच्यापुरता ठेव," तो म्हणाला. "संध्याकाळी नेतो."

चंद्रकला सडा टाकत होती. तिनं बादली खाली ठेवली. "भाऊजी, हा तर जवाईचा कोंबडा. आज तुमच्या घरी दामिनी येऊन राहिली, जवाई येऊन राहिले, इहीनबाई येऊन राहिल्या. आन् कोंबडा माझ्या घरी पाहुणा?"

"हळू बोल."

"मंग त्यायले खाऊ काय घालता?"

तेजरामनं दुसऱ्या हातातली पिशवी वर केली. उजाडताच तो सायकलनं मोहाडीला जाऊन आला होता. पिशवीत कापलेली बॉयलर कोंबडी होती, पांढरीफटक, थंडगार.

चंद्रकलेनं पिशवीत पाहिलं, मग कोंबड्याकडे पाहिलं, मग तेजरामकडे. तिला हसू आलं होतं, पण तिनं ते पदराआड दाबलं. "बापा! आन् हे गावरान म्हनून वाढनार?"

"तिखट जास्त टाकलं तं कळत नाई."

"कोनाले? शहरातल्या मानसाले?"

कोंबडा तेजरामच्या काखेतून मान काढून इकडे तिकडे पाहत होता. चंद्रकलेनं त्या दोघांकडे पाहिलं आणि आतून मोठी बांबूची टोपली आणली. कोंबडा त्याखाली झाकला आणि वर एक फुटका पाटा ठेवला.

"मसाला मीच वाटून देतो," ती म्हणाली. "तुमच्या हातचा खाल्ला तं इहीनबाई आल्या पावली परत जाईल."

दिवाळी सरली की आपल्या भंडाऱ्याच्या भागात गावोगाव मंडई भरते. त्या दिवशी गावच्या लेकी जावयांना घेऊन माहेरी येतात, गुरं राखणारे गोवारी मोरपिसांची ढाल नाचवतात, तलावाच्या पाळीवर जिलेबी आणि शिंगाड्यांची दुकानं लागतात. घरोघरी कोंबडा कापला जातो. तेजरामच्या घरी यंदा यातलं काही व्हायचं नव्हतं. निर्मलाबाई, त्याची बायको, चैतात गेली. तिचं वर्ष सरलं नव्हतं, म्हणून दिवाळीत घरात कढई चढली नाही. मंडईलाही कोणी येणार नाही असं त्यानं धरून ठेवलं होतं, आणि त्यात त्याला बरंच वाटलं होतं. पण लेक दामिनीच्या सासूचा, विहीण कुंताबाईचा, शहापूरहून निरोप आला. "दिवाळी घरची असते, मंडई गावाची असते. आमी येऊन राहिलो. निर्मला इहीनबाईनं जवाईले कोंबडा कबूल केला हाय, तो तयार ठेवा."

कबूल केला होता हे खरं होतं.

गेल्या मंडईच्या सुमारास मुंगसानं एक कोंबडी पिल्लांसकट नेली होती. एकच पिल्लू उरलं. निर्मलाबाईनं ते चुलीशेजारी टोपलीत कापसावर ठेवलं, कणी भिजवून बोटानं भरवलं. अनुप, जावई, ते पाहून हसला होता. तेव्हा ती म्हणाली होती, "हासू नका. याले नीट पाहून ठेवा. पुढच्या मंडईले हा तुमच्या ताटात."

पिल्लाला पंख फुटले, तुरा फुटला, आणि तो तुरा एका बाजूला कलला, टोपी तिरपी घातल्यासारखा. अंगणात कोण आलं, कोण गेलं, सगळ्यांवर त्याची नजर. निर्मलाबाईनं त्याचं नाव ठाणेदार ठेवलं. "ठाणेदारसायेब, जेवले का?" असं ती विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची.

घरात दोन माणसं होती, पण बोलणारं एकच होतं. तेजरामला बोलायची गरज कधी पडली नाही. तो धानाच्या बांधीतून आला की हातपाय धुऊन सपरीत, पुढच्या ओसरीवर, खाटेवर बसायचा. ती खाली पाटावर बसून तांदूळ निवडायची आणि गावातलं सगळं सांगायची, कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून रुसली. तो "हं" म्हणायचा. कधी कधी "हं" पण म्हणायचा नाही. तिला चालायचं.

ती गेली. ताप आला, भंडाऱ्याला नेलं, आणि तिथून तिला बोलती आणता आली नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, दामिनी चार दिवस जास्त राहून गेली. त्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी तेजराम खाटेवर बसला आणि समोर पाट होता, तसाच, भिंतीला टेकवलेला नाही, खाली मांडलेला. तो उचलायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दिवस मावळायला आला तेव्हा ठाणेदार अंगणातून आला, सपरीची पायरी चढला, पाटावर उभा राहिला आणि तेजरामकडे एका डोळ्यानं पाहू लागला. त्याच्या कणीची वेळ झाली होती.

तेजराम उठला, कणी आणली, त्याच्यासमोर टाकली. परत येऊन बसला. कोंबड्याचे टोचे पाटावर टक टक वाजत होते. बराच वेळ तेवढाच आवाज होता.

मग तेजराम म्हणाला, "तलावाचं पानी उतरून राहिलं."

तेव्हापासून रोज तो कोंबड्याला काहीतरी सांगायचा. रोवणी कशी झाली, खालच्या बांधीत कीड पडली, कोणाकडे तेरवी होती. सांगताना आपण निर्मलाबाईच्याच चालीवर सांगतो आहोत, हे एके दिवशी त्याच्या लक्षात आलं. ठाणेदार ऐकायचा आणि थोड्या वेळानं डोळा मिटायचा. "हं" म्हणायचा नाही. तेजरामला ते चालायचं.

आता मंडई आली होती. कोंबडा कापायचा नाही असं सांगायला तोंड कसं उघडायचं, हे त्याला कळत नव्हतं. साठी ओलांडलेला माणूस कोंबड्यासाठी रडतो म्हणून गावभर हसं झालं असतं. आणि शब्द त्याचा नव्हता, निर्मलाबाईचा होता. मेलेल्या माणसाचा शब्द जिवंत माणसाला मोडता येत नाही. म्हणून त्यानं मधला रस्ता काढला होता, आणि तो रस्ता सध्या पिशवीत होता.

चंद्रकलेनं मसाला वाटून दिला, रस्सा कसा उकळायचा ते कुंपणावरून सांगितलं, आणि जाता जाता म्हणाली, "पिसं?"

"कोनती पिसं?"

"कोंबडा कापला तं पिसं कुठं गेली? इहीनबाई उकिरडा पाहिल्याबिगर राहाची नाई."

तेजरामनं खुराड्यात हात घालून ठाणेदाराची झडलेली पिसं गोळा केली, तांबडी, काळी, शेपटीचं एक हिरवट लांब, आणि घरामागच्या उकिरड्यावर पसरली. पसरताना त्याला वाईट वाटलं. खरोखरच कापल्यासारखं दिसत होतं.

दुपार व्हायच्या आत अनुपची जुनी गाडी दारात आली. अनुपचं शहापूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. त्याच्या बोटांतलं काळं तेल मंडईलाही निघालं नव्हतं. दामिनी उतरली ती सरळ आत गेली, चुलीपाशी, आणि तिथं क्षणभर उभी राहिली. मग पातेल्यावरचं झाकण तिनं उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. कुंताबाई गुडघा धरून हळूहळू उतरली.

"राम राम इवाई. वाळून गेले तुमी."

"राम राम इहीनबाई. या."

"रांधलं कोनं?"

"मीच."

"अरे देवा," कुंताबाई म्हणाली आणि हात धुवायच्या निमित्तानं घरामागे गेली. उकिरडा पाहून आली आणि खाटेवर टेकली. तेजरामनं मनात चंद्रकलेला हात जोडले.

सपरीत पंगत बसली. भाताची वाफ निघत होती. दामिनीनं रस्सा वाढला. तो इतका लाल होता की अनुपनं आधी पाण्याचा लोटा जवळ ओढून घेतला. तेजराम ताटाकडे पाहत बसला. कोणी पहिला घास घेतला, कोणाचा चेहरा कसा झाला, हे त्याला बघायचं नव्हतं.

कुंताबाईच्या तोंडात पुढचे दोन दात उरले होते. तिनं एक हाड उचललं आणि सवयीनं चोखायला लागली. हाड मोडलं. तिनं ते तोंडातून काढून पाहिलं. परत तोंडात घातलं. परत मोडलं, मुळ्यासारखं.

"इवाई," ती म्हणाली, "कोंबडा भल्लाच कवळा होता."

"हो," तेजराम म्हणाला.

"वर्षाचा कोंबडा. तरी कवळा."

"लाडाचा होता."

"बाबा, भात वाढू?" दामिनी मधेच म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा होता. तेजरामनं वर पाहिलं. ती खाली मान घालून ओठ चावत होती. अनुप घाम पुसत म्हणाला, "मस्त झाला, मामाजी. मामीजीच्या हातासारखा." हे म्हणताना त्यानं कोणाकडेच पाहिलं नाही. तेजरामला तेव्हा कळलं की इथं बसलेल्या सगळ्यांना पहिल्याच घासाला कळलं होतं, आणि सगळे त्याच्यासाठी गप्प होते. त्याचे कान तापले. तिखटानं नाही.

आता हे जेवण एकदाचं निभावलं असतं. पण शेजारी वेगळंच चाललं होतं.

चंद्रकलेकडे तिचा भाऊ गोपीचंद मंडईला आला होता. चंद्रकला ढाल आली म्हणून आरतीचं ताट घेऊन चौकात गेली होती. गोपीचंद उन्हात बसला होता आणि त्याला भूक लागली होती. अंगणात टोपली होती, टोपलीवर पाटा होता. मंडईच्या दिवशी टोपलीखाली झाकलेला कोंबडा कशासाठी असतो, हे आपल्याकडे पोरासोरालाही विचारावं लागत नाही. बहिणीला तेवढीच मदत, म्हणून गोपीचंदनं सुरी दगडावर घासली, पाटा बाजूला केला आणि टोपली उचलली.

तेजरामच्या सपरीत आधी ओरडा ऐकू आला, "धर! धर त्याले!" मग कुंपणावर पंखांचा फडफडाट झाला आणि ठाणेदार तेजरामच्या अंगणात येऊन पडला. उठला. पंख झटकले. तिरप्या तुऱ्यानं पंगतीकडे एकदा पाहिलं. मग रोजच्यासारखा सपरीची पायरी चढला, अनुप आणि कुंताबाई यांच्या मधून चालत गेला, आणि भिंतीजवळच्या पाटावर जाऊन उभा राहिला. त्या पाटावर कोणी जेवायला बसलं नव्हतं. तेजरामनं बसू दिलं नव्हतं.

त्याच्यामागून कुंपणाच्या फटीतून गोपीचंद आला, हातात सुरी.

"काका, जेवन होऊ द्या, उठू नका," तो दम टाकत म्हणाला. "आमचा कोंबडा इकडं आला. घेऊन जातो."

गोपीचंद पाटाकडे दोन पावलं गेला. ठाणेदार मागे सरकला आणि भिंतीला टेकला.

तेजराम उठला. उष्ट्या हातानंच उठला. तो पाटासमोर जाऊन उभा राहिला, मध्ये.

"तो माझा हाय," तो म्हणाला.

"काका, टोपलीखालून निघाला तो..."

"माझा हाय म्हनतो ना. तो कापाचा नाई. आज नाई, कधीच नाई. जा तू."

इतक्या मोठ्यानं तेजराम बोललेला दामिनीनं कधी ऐकला नव्हता. गोपीचंद सुरी मागे धरून एकेकाकडे पाहत राहिला आणि मग फटीतून परत गेला. पलीकडून, चौकातून परतलेल्या चंद्रकलेचा आवाज आला, "अरे मेल्या, काय केलं तुनं!"

तेजराम तसाच उभा होता. बोटांवरून रस्सा ओघळून मनगटापर्यंत आला होता. आता वळून पंगतीकडे पाहावं लागणार होतं.

"इवाई," कुंताबाईनंच तोंड उघडलं, "मंग त्या उकिरड्यावर काय टाकलं?"

"पिसं. झडलेली."

"आन् हे ताटात?"

"मोहाडीचं."

कुंताबाईनं ताटातलं मोडकं हाड उचललं, सगळ्यांना दाखवलं आणि हसायला लागली. दोन दातांनी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मी म्हनलो, माझे दात परत आले का काय!" अनुपही हसला. दामिनी हसता हसता थांबली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. चुलीपाशी ती बराच वेळ होती.

तेजराम हात धुऊन येऊन खाली बसला. "जवाई," तो म्हणाला, "तिनं तुमाले शब्द देला होता. मी मोडला. मले दुसरं काई सुचलं नाई." पाटाकडे बोट करून तो म्हणाला, "घरात आवाज करनारं तेवढंच उरलं हाय."

अनुपनं ठाणेदाराकडे पाहिलं. ठाणेदार पाटावरची सांडलेली शितं टिपत होता. टक टक आवाज येत होता.

"म्हंजे कोंबडा माझा हाय, हे तं खरं ना, मामाजी?"

"हो. तुमचाच."

"मामीजीनं मलेच देला."

"हो."

"मंग मी काई कापत नाई. अन् शहापूरले नेत बी नाई, तिथं दुकानात कुठं ठेवू? मी हा तुमाले बटईनं देऊन राहिलो."

बटई म्हणजे जनावर एकाचं आणि सांभाळणारा दुसरा. शेळी बटईनं दिली की पिल्लं अर्धी अर्धी. तेजरामनं आयुष्यात बकऱ्या दिल्या होत्या, एक म्हैस घेतली होती.

"अरे, कोंबड्याची कुठं बटई असते?" कुंताबाई म्हणाली. "अंडं देत नाई, दूध देत नाई. वाटून काय घेशीन?"

अनुपला पुढचं सुचलं नव्हतं. त्यानं काळी बोटं चोळली. दामिनी आतून बाहेर आली होती. डोळे लाल होते.

"आरवनं," ती म्हणाली. "अर्धं बाबाचं, अर्धं आमचं. रोज सकाळी फोन करू, त्याले बोलवाचं. मालक हाय आपन, माल पाहाले लागते."

"रोज?" तेजराम म्हणाला.

"रोज. बटईत लबाडी चालत नाई, बाबा. आज एक केली तुमी."

यावर सगळे पुन्हा हसले. तेजरामनं मान खाली घातली आणि ताट पुढे ओढलं. भात गार झाला होता. त्यानं तो पूर्ण खाल्ला. त्या दिवशी त्या घरात बॉयलरचा एकही तुकडा उरला नाही.

दुपारनंतर ते तिघं मंडईत फिरून आले. दामिनीनं शिंगाडे आणले. तेजराम गेला नाही. उन्हं उतरायच्या आत ते निघाले. गाडी वळणावर गेली तरी तिचा आवाज थोडा वेळ येत होता, मग मंडईतल्या डफात मिसळला, मग तोही येईना. तेजरामनं उकिरड्यावरची पिसं वेचून आणली आणि खुराड्यात परत टाकली. असं का केलं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना फोन वाजला.

"मामाजी, मालक बोलून राहिलो," अनुप म्हणाला. "कुठं हाय?"

ठाणेदार अंगणात होता. रोज या वेळेला तो खुराड्याच्या छपरावर चढून गल्ली उठवायचा. आज खाली उभा राहून एक पाय वर धरून जमिनीकडे पाहत होता. तेजरामनं फोन त्याच्या तोंडाजवळ नेला. ठाणेदारानं फोनला टोचून पाहिलं.

"आवाज आला का?" तेजरामनं विचारलं.

"टक झालं."

"आरवत नाई. रोज आरवते."

"थांबतो ना मी. दामिनी बी हाय इथं. तुमीच बोला तवर."

तेजराम फोन कानाला लावून उभा राहिला. काय बोलायचं? दामिनीच्या बांगड्यांचा आवाज येत होता, कुठंतरी नळ चालू होता. ती माणसं खरंच थांबली होती.

"वरच्या बांधीतलं धान कापलं," तो म्हणाला. "खालचं राहिलं. तिथं चिखल हाय अजून."

"हं," दामिनी म्हणाली.

"चंद्रकला काल गोपीचंदले भल्ली बोलली. तो जेवलाच नाई म्हने."

"हं."

मग त्यानं तलावाचं सांगितलं, आणि दिवाळीत कोणाची म्हैस हरवली होती ती नदीकाठी सापडली तेही सांगितलं. अनुपनं दुकान उघडायचं म्हणून फोन ठेवला. ठाणेदार आरवला नाही तो नाहीच.

अंगण पुन्हा शांत झालं. तेजरामनं फोन बंडीच्या खिशात घातला. सपरीत पाट होता, त्यावर कालची दोन वाळलेली शितं चिकटली होती. ती त्यानं नखानं खरवडली. खालच्या बांधीकडे जायचं होतं. विळा घेऊन तो दारात आला, तेव्हा मागे खुराड्याच्या छपरावरून ठाणेदारानं मान ताणून बांग दिली, लांब, पूर्ण.

तेजराम थांबला. खिशाकडे हात गेला, पण फोन काढला नाही.

"आता काय उपेग?" तो म्हणाला. "ते तं गेले दुकानात." आणि छपराकडे वळून, "हे माझ्या वाट्याचं."

तो विळा खांद्यावर टाकून निघाला. जाताना कणीचा डबा झाकला आहे की नाही ते एकदा परत येऊन पाहून गेला.